विकी कुठला घ्यायचा, हा प्रश्न फक्त कम्प्युटरवाल्यांचा नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

गेले दोन महिने गावात मला एकच प्रश्न विचारतायत. "पत्रकार, तुम्ही बातम्या सोडून त्या पोरांच्या कम्प्युटरच्या भानगडीत कशाला पडलात?" चहाच्या टपरीवर, तहसीलच्या पायरीवर, परवा तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आपल्या तालुक्यातल्या तीन पोरांनी ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर लिहिलंय. इंजिनिअरिंग झालेली, आपल्याच गावांतली पोरं. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे ओपन सोर्स. कुठल्याही गावाने घ्यावं, वापरावं, बदलावं, पैसे नाहीत. चार-पाच गावांत ते चालू आहे. मागणी किती, वसुली किती, थकबाकी कुणाची, नमुना ९ ची यादी काढा, नमुना १० ची पावती काढा, एवढंच काम. पण ज्याने मार्चअखेर ग्रामपंचायतीत काढलाय त्याला विचारा, हे "एवढंच" किती असतं ते.

सॉफ्टवेअर चांगलं आहे. अडचण वेगळीच होती. ते वापरायचं कसं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळं एका पोराच्या डोक्यात. संगणक परिचालक ताई अडल्या की त्याला फोन करायच्या. "दादा, मागची थकबाकी नव्या वर्षात कशी न्यायची?" तो सांगायचा. दुसऱ्या गावातून फोन, तोच प्रश्न. तिसऱ्या गावातून, तोच. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. चांगलंच झालं. पण तो दिवसभर मीटिंगमध्ये, आणि इकडे ताई फोन लावून बसलेल्या.

एका गावात काय झालं ते सांगतो. ग्रामपंचायतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हती. "वर्ष बंद करा" असं एक बटण आहे. ते दाबलं की जुनी बाकी पुढच्या वर्षात जाते. दाबल्यावर बराच वेळ काही दिसत नाही, म्हणून तिथे ते दोनदा दाबलं गेलं. काही घरांची थकबाकी दुप्पट झाली. त्यातल्या एक आजी, एकट्या राहणाऱ्या, दाखला मागायला गेल्या. "आधी बाकी भरा." त्यांनी घरून पिशवीतून पावत्या आणल्या, दाखवल्या. "आजी, कम्प्युटरमध्ये बाकी दिसतीय." आता कम्प्युटरपुढे आजीने काय बोलावं? तीन हेलपाटे झाले, तेव्हा कुठे कुणीतरी त्या पोराला फोन केला आणि दहा मिनिटांत ते निस्तरलं.

"हे बटण एकदाच दाबा, दोन मिनिटं थांबा, दोनदा दाबलं गेलं तर असं असं करा." या तीन ओळी कुठेतरी लिहिलेल्या असत्या तर आजीचे तीन हेलपाटे वाचले असते. मी या भानगडीत पडलो तो या तीन ओळींसाठी.

तर ठरलं, माहितीपुस्तिका लिहायची. मराठीत. आणि छापून टाकायची नाही, कारण सॉफ्टवेअर दर दोन महिन्यांनी बदलतं. पीडीएफसुद्धा नको. पीडीएफचा अनुभव आपल्या तालुक्याने घेतलाय. मागे एका खात्याने विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची पुस्तिका मी स्वतः पाहिलीय. इंग्रजीत, आणि तिच्यात दाखवलेली निम्मी बटणं आता पडद्यावर नाहीतच. ठेकेदार गेला, पुस्तिका गोठली. तिच्यातली चूक दिसत असूनही कुणाला दुरुस्त करता येत नाही.

म्हणून विकी.

विकी म्हटलं की आपल्याला विकिपीडिया आठवतो, पण विकी त्याच्याही आधीचा. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ ला पहिला विकी सुरू केला, तोही प्रोग्रामर लोकांना आपापसांत टिपणं ठेवता यावीत म्हणून. होनोलुलूच्या विमानतळावरच्या "विकी विकी" बसवरून त्याने नाव घेतलं. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. कल्पना साधी आहे. पान वाचताना चूक दिसली की तिथल्या तिथे "बदला" दाबायचं, दुरुस्त करायचं, जतन करायचं. आणि आधीचं पान पुसलं जात नाही, मागे जपून ठेवलेलं असतं. कुणी कधी काय बदललं ते दिसतं. म्हणजे आपल्या फेरफार नोंदवहीसारखंच म्हणा ना. जुनी नोंद खोडून टाकत नाहीत, तिच्यावर नवी चढते.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे झालं. विकीचं सॉफ्टवेअर कुठलं?

वाचनालयात बैठक बसली. तीन पोरं (एक पुण्याहून फोनवर), दोन गावांच्या परिचालक ताई, एक पाणीपुरवठा कर्मचारी मामा, निवृत्त मास्तर आणि मी. मला का बोलावलं? "सर, तुम्हाला सोपं लिहिता येतं म्हणून." पोरांनी चार नावं पुढे ठेवली.

पहिलं मीडियाविकी. विकिपीडिया ज्याच्यावर चालतो ते. २००२ पासूनचं, जगभर तपासलेलं, आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून त्याच्यावर आहे, म्हणजे मराठी चालतं का ही शंकाच नको. एक पोरगा म्हणाला, "दादा, एवढा मोठा विकिपीडिया चालतो, मग आपलं का नाही चालणार?"

दुसरं डोकुविकी. जर्मनीतल्या आंद्रेयास गोर यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं, खास माहितीपुस्तिकांसाठीच. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाईल.

तिसरं बुकस्टॅक. त्यात पुस्तकांचं कपाट, कपाटात पुस्तक, पुस्तकात प्रकरण, प्रकरणात पान अशी मांडणी. वर्डसारखं लिहिता येतं. ताईंना हे बघताक्षणी आवडलं.

चौथं म्हणजे विकीच नको, मजकूर गिट नावाच्या व्यवस्थेत ठेवायचा, जिथे सॉफ्टवेअरचा कोड आहे तिथेच. पुण्याच्या पोराचा आग्रह याचा. "कोड बदलला की त्याच दमात पुस्तिका बदलायची. कुणी बदल सुचवला की आपण तपासून घ्यायचा."

चारही मुक्त, चारही फुकट. मग निवडायचं कशावर? पोरं लागली सोयींची यादी करायला. यात हे आहे, त्यात ते नाही. तासभर झाला तरी संपेना. मास्तर तोवर गप्प होते. ते म्हणाले, "अरे, वस्तूकडे बघून वस्तू घेऊ नका. घरात माणसं कोण, ते बघा."

त्या एका वाक्यावर बैठक वळली. सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि आम्ही प्रश्न लिहून काढले. पुढच्या आठ दिवसांत मी जमेल तेवढं वाचलं, इतर मुक्त प्रकल्पांचं काय झालं ते पाहिलं. जे हाती लागलं ते प्रश्नांच्या क्रमाने सांगतो. कारण हे प्रश्न विकीपुरते नाहीत.

१) लिहिणार कोण?

लिहिणारे म्हणजे दोन ताई, मामा, मास्तर आणि मी. पोरं नाहीत. पोरांना कोड लिहायचाय. म्हणून गिटची व्यवस्था पोरांसाठी कितीही चांगली असली तरी मामांसाठी ती भिंत आहे. खातं उघडा, शाखा काढा, बदल पाठवा, मंजुरीची वाट बघा. एक शब्द सुधारायला एवढं कोण करील?

पण पुण्याच्या पोराचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. मोझिलाचं उदाहरण त्यानेच दिलं. फायरफॉक्सवाले मोझिला. वेबसाईट बनवणाऱ्यांसाठी त्यांची मोठी माहितीपुस्तिका आहे, जगभर वाचतात. ती २००५ मध्ये मीडियाविकीवर सुरू झाली. २००८ मध्ये डेकी नावाच्या दुसऱ्या विकीवर नेली. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचाच विकी लिहिला, कुमा. आणि डिसेंबर २०२० मध्ये विकीच सोडून सगळा मजकूर गिटमध्ये नेला. पंधरा वर्षांत तीन स्थलांतरं.

त्यांना ते जमलं, कारण बदल तपासणारी माणसं तिथे आहेत आणि लिहिणारेही बहुतेक प्रोग्रामरच. आपल्याकडे लिहिणारे ते नाहीत. शिवाय त्या स्थलांतरात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या भाषांतली पानं सांभाळायला माणसं पुढे आली त्या भाषा चालू राहिल्या, बाकीच्या भाषांतली पानं मागे पडली. मराठीचं काम कुणीतरी करील म्हणून सोडून दिलं की मराठीचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२) मालक कोण? दुकान बंद झालं तर?

मोझिलाची ती पुस्तिका मुळात कुठून आली, ही कथा मला सगळ्यात जास्त भिडली. नेटस्केप नावाची कंपनी होती, इंटरनेटच्या पहिल्या काळातली बडी कंपनी. तिची डेव्हएज नावाची माहितीची वेबसाईट होती. नेटस्केप एओएलने विकत घेतली आणि २००४ मध्ये एओएलने ती वेबसाईट बंद करून टाकली. वर्षानुवर्षांचं लेखन एका निर्णयात दिसेनासं झालं. पुढे मोझिलाने एओएलकडून तो मजकूर वापरायची परवानगी मिळवली, तेव्हा कुठे त्याचा पुन्हा उपयोग झाला. परवानगी मिळाली म्हणून वाचलं. नसती मिळाली तर?

फुकट विकी देणाऱ्या वेबसाईटचंही तेच. विकीस्पेसेस नावाची सेवा होती, शाळा-कॉलेजं भरपूर वापरायची. २०१८ मध्ये ती बंद झाली. आधी सूचना दिली होती, आपापला मजकूर उतरवून घ्या म्हणून. पण ज्या मास्तरांनी पाच वर्षांपूर्वी पानं बनवली आणि ज्यांची बदली झाली, त्यांच्यापर्यंत ती सूचना पोहोचली असेल का, विचार करा.

आणि विकत घेतलेलं? कॉन्फ्लुएन्स नावाचा एक नावाजलेला विकी आहे, अ‍ॅटलासियन कंपनीचा. मुक्त प्रकल्पांना ते तो फुकटही द्यायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची सर्व्हर आवृत्ती आम्ही बंद करणार, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला तिचा आधार संपला. कंपनीची चूक म्हणत नाही मी. त्यांचा धंदा, त्यांचा निर्णय. पण आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या निर्णयावर का टांगायचं?

म्हणून ठरलं, आपला विकी आपल्या जागेवर. आणि इथे एक पत्रकारी खोच मी काढली. वेबसाईटचं नाव कुणाच्या खात्यावर? पोरगा म्हणाला, "माझ्या मेलवर घेतो दादा, पाच मिनिटांचं काम." म्हटलं, थांब. तू उद्या परदेशात गेलास, मेलचा पासवर्ड विसरलास, तर? नाव वाचनालयाच्या संस्थेच्या खात्यावर घेतलं, चाव्या दोघांकडे. पतसंस्थेत दोन सह्या लागतात त्या उगीच नाही.

३) मजकूर कुठल्या रूपात पडून राहतो?

इथे मीडियाविकी आणि डोकुविकी यांच्यातला खरा फरक कळला. मीडियाविकी सगळं डेटाबेसमध्ये ठेवतं. मोठ्या विकीसाठी ते योग्यच आहे, लाखो पानं फायलींत कोण ठेवणार? पण तो डेटाबेस बिघडला तर जाणकार माणूस लागतो. डोकुविकीत पान म्हणजे साधी फाईल. उद्या विकीचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद पडलं तरी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडते आणि वाचता येते. पूर्ण विकीची प्रत काढायची तर एक फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचं, झालं. ताई म्हणाल्या, "हे मला जमेल." माझ्या मते हे वाक्य त्या बैठकीतलं सर्वात महत्त्वाचं होतं.

कारण प्रत ही नुसती असून भागत नाही, ती कुणाला तरी काढता आली पाहिजे. पायथन या प्रसिद्ध संगणकीय भाषेचा विकी मॉइनमॉइन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. डिसेंबर २०१२ मध्ये त्यातल्या एका फटीतून कुणीतरी आत शिरलं आणि जानेवारी २०१३ मध्ये विकीचा सगळा डेटा पुसून टाकला. जगातली हुशार प्रोग्रामर मंडळी ज्यांच्या पाठीशी, त्यांच्यावर ही वेळ आली. आपण कोण?

४) निगा कोण राखणार?

फटी सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडतात आणि त्या बुजवणाऱ्या नव्या आवृत्त्या येत राहतात. प्रश्न असतो, त्या चढवणार कोण? मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारण वर्षातून दोनदा येते. दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घेतली तर तीन वर्षं निभावतं, पण तोवर डेटाबेस, जोडसॉफ्टवेअर, सगळं सांभाळावं लागतं. पोरांपैकी दोघं नोकरी शोधतायत. ती तालुक्यात तीन वर्षं राहतील असं धरून चालणं म्हणजे पावसावर पैज लावणं.

आणि पाया जिवंत आहे का, हेही बघावं लागतं. त्याच मॉइनमॉइनचं पुढे काय झालं? त्याची चालू आवृत्ती पायथन २ वर बेतलेली, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पायथन ३ वरची नवी आवृत्ती वर्षानुवर्षं तयारच होत होती. ज्यांनी आपापले विकी त्याच्यावर ठेवले होते ते अडकले. फेडोरा लिनक्सवाल्यांनी २००८ मध्येच मॉइनमॉइन सोडून मीडियाविकी धरलं होतं, ते त्यातून सुटले. म्हणजे आज लोकप्रिय काय, यापेक्षा उद्या दुसरीकडे हलायचं झालं तर सोपं जाईल का, हा प्रश्न मोठा. साध्या फायली हलवायला सोप्या.

५) मराठीचं काय?

हा प्रश्न कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात मला सापडला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोकुविकीत पानाच्या नावावरून फाईलचं नाव ठरतं. मूळ मांडणीत देवनागरी अक्षरं ती जशीच्या तशी ठेवत नाही, टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात ठेवते. एका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाची वेगळी नऊ. आणि लिनक्सवर फाईलच्या नावाची मर्यादा २५५. हिशेब करा. २७-२८ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. ताईंनी पानाला नाव दिलं होतं "पाणीपट्टीची थकबाकी भरल्यावर पावती कशी द्यावी". यात चिन्हं ३९, म्हणजे साडेतीनशेच्या वर गेलं. पान जतनच होईना! इंग्रजीत एवढंच नाव आरामात बसलं असतं.

उपाय आहे. एका ठिकाणी सेटिंग बदललं की फाईलची नावं थेट युनिकोडमध्ये ठेवता येतात. मग एका चिन्हाला नऊऐवजी तीन जागा लागतात आणि मर्यादा तिप्पट सैल होते. फक्त हे पहिल्याच दिवशी करायचं, पानं बनल्यावर नाही. आम्ही शिवाय पानांची नावंच आटोपशीर ठेवली, "थकबाकी पावती" अशी, आणि लांब मथळा पानाच्या आत दिला.

सांगायचं काय, की "युनिकोड चालतं" एवढं लिहिलेलं वाचून विश्वास ठेवायचा नाही. आपल्या भाषेतलं, आपल्या लोकांनी दिलेलं खरं नाव टाकून बघायचं. शोधाच्या चौकटीत "पाणीपट्टी" टाकून बघायचं, मग ऱ्हस्व "पाणिपट्टी" टाकून बघायचं, कारण लोक दोन्ही लिहितात. विकी दोन्ही एकच समजत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक पानाच्या तळाशी "असंही लिहितात" अशी एक ओळ ठेवलीय. गावठी उपाय आहे, पण चालतो.

६) कुणी काहीही लिहिलं तर?

ही भीती सरपंचांची. "उद्या विरोधक येऊन काहीबाही लिहितील." रास्त आहे. विकी उघडा ठेवला की आधी विरोधक नाही, जाहिरातींचे रोबो येतात. म्हणून वाचायला सगळ्यांना मुभा, लिहायला खातं हवं. डोकुविकीत कुणाला कुठल्या भागात काय करता येईल, हे सहज ठरवता येतं. मीडियाविकी मुळात उघड्या ज्ञानकोशासाठी बनलेलं, पानागणिक कुलपं लावणं हा त्याचा स्वभाव नाही. आणि कुणी काही बिघडवलंच तरी जुनं पान आहेच. एका क्लिकवर परत.

७) लिहिलेल्याचा परवाना काय?

यावर सगळे म्हणाले, "ते नंतर बघू." मी म्हटलं, आत्ता. विकिपीडियाचा परवाना सुरुवातीला वेगळा होता. २००९ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घ्यायचा ठरवला, तर त्यासाठी आधी जुन्या परवान्याचीच नवी आवृत्ती निघावी लागली, मग सदस्यांचं मतदान झालं. कारण हजारो लोकांनी लिहिलेलं असतं, प्रत्येकाला कुठे शोधत जाणार? आम्ही पहिल्याच पानावर लिहिलं. इथलं लेखन कुणीही घ्यावं, बदलावं, छापावं, फक्त श्रेय द्यावं आणि पुढेही तसंच मोकळं ठेवावं.

तर निकाल डोकुविकीच्या बाजूने लागला. बुकस्टॅक दुसरा आला. ताईंचं मन अजून त्याच्यातच आहे आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, लिहायला ते खरंच सोपं आहे. पण त्यालाही डेटाबेस लागतो, आणि निगा राखणाऱ्याच्या प्रश्नावर ते अडलं. पुण्याच्या पोराने हार मानली नाही. डोकुविकीचं फोल्डर रोज रात्री गिटमध्ये आपोआप उतरेल अशी सोय त्याने करून दिली. आता लिहिणं विकीत, एक प्रत गिटमध्ये, एक पेनड्राइव्हवर. दुसऱ्या एखाद्या तालुक्यात, जिथे कॉलेजात सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे, तिथे मीडियाविकी योग्य ठरेल. घरात माणसं कोण, ते बघा. मास्तरांचंच खरं.

पहिल्या महिन्यात तिसाच्या आसपास पानं झाली. मी लिहिलेलं एक पान होतं "बिल तयार करणे". पोरांनी सांगितलं तसं मी लिहिलं, "मीटरचं वाचन टाका." मामांनी ते वाचलं आणि म्हणाले, "साहेब, आपल्या गावांत मीटर आहेत कुठं? अर्धा इंची नळाला वर्षाचा ठरलेला दर." मग त्यांनी स्वतः, एका बोटाने टाईप करत, पानात ओळ घातली. "मीटर नसेल तर हा रकाना रिकामा सोडा. शून्य टाकू नका. शून्य टाकलं की बिल शून्य येतं." पुस्तिकेत सगळ्यात जास्त कामाला येणारी ओळ ती. ती पोरांना माहीत नव्हती, मला माहीत असण्याचा प्रश्नच नाही. नळावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला माहीत होती, आणि त्याला ती लिहिता आली. माझ्यासाठी विकीची परीक्षा तिथे पास झाली.

"वर्ष बंद करा" या पानावर आता लाल चौकट आहे. ते पान छापून चारही ग्रामपंचायतींत कम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलंय. लाईट नसली तरी भिंत वाचता येते.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांसाठी.

आपल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, पंचायत समितीत रोज नवं सॉफ्टवेअर येतंय. पैसा आपला. ते वापरायचं कसं याची पुस्तिका मागायचा आपल्याला हक्क आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(ख) काढून वाचा. कर्मचारी आपल्या कामासाठी जे नियम, सूचना, नियमपुस्तिका वापरतात, त्यांची माहिती कार्यालयाने कुणी अर्ज करायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायची असते. कम्प्युटर आला म्हणून हे कलम रद्द झालेलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. भांडू नका, नुसते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा.

एक, या सॉफ्टवेअरची पुस्तिका मराठीत आहे का, आणि आम्हाला कुठे बघायला मिळेल?
दोन, तिच्यात चूक सापडली तर ती कोण दुरुस्त करतं, किती दिवसांत?
तीन, ठेकेदार उद्या गेला तर पुस्तिका आणि डेटा कुणाकडे, कुठल्या रूपात राहणार?

उत्तर आलं नाही तरी चालेल. उत्तर नाही, हीसुद्धा बातमी असते. मला कळवा.

आणि आमच्या विकीला हात हवेत. कोड येत नसेल तरी चालतं, शुद्धलेखन कच्चं असलं तरी चालतं, दुसरा कुणीतरी नीट करतो. ज्यांनी ग्रामपंचायतीत, पाणीपुरवठ्यावर, वसुलीला काम केलंय अशा निवृत्त मंडळींनी तर यावंच. रविवारी सकाळी दहाला वाचनालयात बसतो. ज्यांना येता येत नाही त्यांनी खाली कॉमेंटमध्ये आपल्या गावात काय अडतं ते एका ओळीत लिहा. ती ओळ पानात घालायचं काम माझं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर का नाही ते लिहा.